मुंबईत आइस्क्रीमचं दुकान पारखताना मी काय बघते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून मुंबईत येऊन वर्ष होत आलं, मुलुंडला राहता, आइस्क्रीमची मनापासून आवड आहे. ऑफिसातले जुने लोक दक्षिण मुंबईतली जुनी नावं सांगतात, मित्र वांद्र्याच्या महागड्या जिलाटोचं, म्हणजे इटालियन पद्धतीच्या आइस्क्रीमचं, कौतुक करतात, आणि ऑनलाइन बघावं तर सगळ्यांनाच साडेचार तारे. मग खरंच चांगलं कुणाचं? महाग म्हणजे चांगलं का? आणि दुकानात छान लागलेलं आइस्क्रीम पार्सल करून घरी नेलं की बिघडतं, ते का?

मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकले आणि बरीच वर्षं लहान आइस्क्रीम उत्पादकांना मिक्स, म्हणजे गोठवण्याआधीचं दूध-साखरेचं मिश्रण, बसवून देण्याचं आणि त्यांचा माल तपासण्याचं काम करते. पहिल्या पाचांची यादी मी देणार नाही, कारण एकाच नावाच्या दोन शाखांमध्ये, एकाच कारखान्यातून आलेलं आइस्क्रीम वेगळं लागताना मी नेहमी बघते. यादी नावाची होते, खायचं मात्र त्या दिवशीच्या त्या डब्यातलं असतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. आइस्क्रीम बनताना चांगलं बनलं होतं का? आणि तुमच्या कपात पडेपर्यंत ते चांगलं राहिलं का? लोक पहिल्या भागावर तासन्‌तास वाद घालतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. माझा अनुभव असा, की मुंबईसारख्या दमट, गर्दीच्या शहरात आइस्क्रीम बनवताना बिघडतं त्यापेक्षा ते पुढे वाहतुकीत आणि दुकानात जास्त बिघडतं.

त्याआधी एक गोष्ट. आइस्क्रीम या एका नावाखाली इथे निरनिराळे पदार्थ विकले जातात आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की निकाल चुकतो. भेंडी बाजाराजवळ बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइस्क्रीम घ्या. १८८७ पासूनचं म्हणून ते ओळखलं जातं आणि हातानं फिरवलेल्या सांच्यासाठी प्रसिद्ध आहे. लाकडी पिंप, आत धातूचा डबा, मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, अगदी उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि डब्याच्या भिंतीला धरलेलं दूध खरवडत खरवडत घट्ट होतं. हाताच्या वेगाला हवा फारशी आत शिरत नाही, त्यामुळे हे आइस्क्रीम जड आणि दाट लागतं. त्यातले बर्फाचे कण मशीनइतके बारीक नसतात. तो दोष धरू नका, ती त्या पद्धतीची जात आहे. फक्त ते ताजंच खायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की त्याची मजा जाते.

चर्चगेटच्या के रुस्तमचं गणित वेगळं. १९५३ पासूनच्या या इराणी दुकानात आइस्क्रीमची लादी कापून दोन पातळ वेफर बिस्किटांच्या मध्ये ठेवून देतात. इथे मी चवीआधी लादीच्या कडा बघते. सुरीनं कापलेली कड स्वच्छ, कोपरा टोकदार असेल तर माल पुरेसा थंड आहे. कोपरे गोल झालेले आणि वेफर लगेच ओला पडलेला असेल तर नाही. पावसाळ्यात वेफर सादळतो, त्याची सूट द्यायला हवी.

कुल्फीला तर आइस्क्रीमचे नियम लावूच नका. तिच्यात हवा घोटलेली नसते, सगळा भर दूध आटवण्यावर. गिरगाव चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटरमध्ये कुल्फीचे तुकडे करून वजनावर देतात, आणि मला ती पद्धत फार पटते, कारण वजनात हवा विकता येत नाही. पारसी डेअरीची मलई कुल्फी हाही याच घराण्यातला पदार्थ. ती डेअरी १९१६ सालची. कुल्फीत मी एकच शोधते: दूध खरंच आटवलं आहे, की कॉर्नफ्लॉर किंवा ब्रेड घालून दाट केलंय? आटीव दुधाची कुल्फी चावताना किंचित चिवट लागते आणि तोंडात विरघळताना दुधाचा खमंग वास वर येतो. पिठूळ कुल्फी विरघळल्यावर जिभेवर खळीसारखी चिकटते आणि वास फक्त वेलचीचा येतो.

उरले फळांचं आइस्क्रीम आणि जिलाटो. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला नॅचरल्स सुरू केलं आणि मुंबईकरांना शहाळं, सीताफळ, फणस असल्या फळांची सवय लावली. ते स्वतः फळविक्रेत्याच्या घरातले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दूध, साखर आणि फळ एवढ्यावर उभं राहायचं तर फळ पारखता आलंच पाहिजे. जिलाटोत स्निग्धांश कमी, हवा कमी, आणि तो थोडा कमी थंड ठेवून वाढतात, म्हणून मऊ लागतो आणि चव चटकन कळते. तो लवकर वितळतो म्हणून वाईट, असं म्हणता येत नाही.

आता परीक्षा. नव्या दुकानात गेलं की मी सगळ्यात साधा फ्लेवर मागते: मलई, नुसतं दूध, नाहीतर व्हॅनिला. चॉकलेट, बटरस्कॉच, राजभोग यांच्याखाली बरंच काही लपतं. साध्या मलईखाली काहीच लपत नाही. पहिला घास थंडीमुळे फार काही सांगत नाही, कारण थंडीनं जीभ बधिर होते. खरं सांगतो तो शेवटचा, कपाच्या तळाशी वितळून राहिलेला घोट. तो टाकू नका, मुद्दाम प्या. तो गोड लागेलच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थंड पदार्थात गोडवा कमी जाणवतो म्हणून साखर जास्तच घालावी लागते. तुम्ही दूध शोधा. ताज्या दुधाचा, सायीचा वास आला तर मिक्स चांगलं. जुन्या दूध पावडरचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, किंवा घशाशी एसेन्सचा कडवटपणा राहिला, तर वरचा सुका मेवा कितीही महागडा असो, पाया कच्चा आहे. किंचित शिजलेल्या दुधाची चव मात्र दोष नाही. मिक्स पाश्चराइज करताना ती येतेच आणि मला स्वतःला ती आवडते.

नंतर मोसमातलं एक फळ. सीताफळावर जरा थांबते, कारण मुंबईत त्याच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून तो पाश्चराइज केलेल्या, थंड झालेल्या मिक्समध्ये नंतर घालावा लागतो. म्हणजे गर काढणाऱ्याचे हात, भांडी आणि गर साठवण्याची थंडी हे सगळं थेट तुमच्या कपात येतं. जिथे सीताफळ चांगलं मिळतं तिथली मागची खोली साधारण स्वच्छ असते, हा माझा ठोकताळा आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. सीताफळाच्या गराला स्वतःचा रवाळपणा असतो, चिकूलाही थोडा असतो. तो खरखरीतपणा बिघाडाचा नाही. मोसम संपल्यावर, म्हणजे हिवाळा सरल्यावर, सीताफळ मिळालं तर ते गोठवलेल्या गराचं असतं. त्यात फसवणूक नाही, गर नीट ठेवला असेल तर चवही बरी लागते. पण मार्चमध्ये खाऊन दुकानाच्या सीताफळावर निकाल देऊ नका.

रंगावरून एवढंच: खऱ्या पिस्त्याचं आइस्क्रीम मळकट, तपकिरीकडे झुकणारं हिरवं असतं. पोपटी दिसलं की रंग घातलाय. व्हॅनिलातले काळे ठिपके मात्र पुरावा म्हणून धरू नका. अर्क काढून उरलेल्या शेंगांची पूड घालूनही ते आणता येतात.

खरखरीतपणाचं मात्र नीट समजून घ्या, कारण दुकान कसं चालतं हे त्यातून कळतं. जिभेवर कण लागले तर घास टाळूला दाबून धरा. कण लगेच विरघळले तर ते बर्फाचे आहेत. आइस्क्रीम कुठेतरी मऊ पडून पुन्हा गोठलं आहे. प्रत्येक वेळी मऊ पडलं की बारीक कण वितळतात आणि पुन्हा गोठताना त्यांचं पाणी मोठ्या कणांवर चढतं. मोठे अधिक मोठे होत जातात. पण घास पूर्ण वितळल्यावरही वाळूसारखं काही उरलं तर ती दुधातली साखर, लॅक्टोज, स्फटिक होऊन बसलेली आहे. दूध पावडर जास्त घातली आणि माल बरेच दिवस पडून राहिला की असं होतं. पहिला दोष बहुधा फ्रीजरचा किंवा वाहतुकीचा, दुसऱ्याची सुरुवात कृतीपासून होते.

पश्चिम उपनगरातल्या एका पार्लरची तक्रार होती की कारखाना त्यांना खरखरीत माल देतो. कारखान्यातला त्याच बॅचचा डबा उघडला तर लोण्यासारखा मऊ. शेवटी पार्लरच्या फ्रीजरमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं. रात्री दुकान बंद झालं की तापमान चढायला लागायचं आणि सकाळी शटर उघडल्यावर उतरायचं. वीज वाचावी म्हणून जाताना मेन स्विच बंद केला जात होता. डबे वितळून वाहत नव्हते म्हणून कुणाला शंका आली नव्हती, पण रोज रात्री आत कण वाढत होते.

ग्राहकाला असलं यंत्र ठेवता येत नाही, पण डोळ्यांनी पुष्कळ कळतं. फ्रीजरच्या काचेतून डब्याची कड बघा. आइस्क्रीम डब्याच्या भिंतीपासून सुटून आत आक्रसलं असेल, वर बर्फाचा भुगा किंवा काचेसारखा चकचकीत थर असेल, तर ते वर-खाली तापमानातून गेलं आहे. साठवण उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली हवी. स्कूप काढायचा फ्रीजर उणे १२ ते १४च्या आसपास चालतो, नाहीतर स्कूप घुसतच नाही. जिलाटोच्या दुकानात ट्रेच्या वर रचलेले डोंगर दिसायला सुंदर असतात, पण ट्रेच्या काठाच्या वर आलेला भाग थंडीच्या बाहेर असतो. मला सपाट भरलेला, झाकण असलेला डबा जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि स्कूपचं पाणी बघाच. ते वाहतं असावं, निदान वारंवार बदललेलं असावं. स्टीलच्या ग्लासात दुधाळ झालेल्या पाण्यात दुपारपासून स्कूप उभा असेल तर मी तिथे खात नाही, नाव कितीही मोठं असो. थंडीनं जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते किंवा मंदावते, आणि त्या कोमट दुधाळ पाण्यात तर ती जोरात सुरू असते.

हवेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण 'महाग म्हणजे चांगलं का' याचं अर्धं उत्तर तिथे आहे. मिक्स घोटताना त्यात हवा जाते, त्याला धंद्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिक्सचं दोन लिटर आइस्क्रीम झालं तर ओव्हररन शंभर टक्के. हवा म्हणजे भेसळ नव्हे; ती अजिबात नसेल तर चमचा शिरणार नाही. पण ती विकतच घ्यायची तर किती, हे माहीत हवं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पूर्ण स्निग्धांशाच्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि एका लिटरचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नसावं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात निदान २६२ ग्रॅम. घरी स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एकदा करून बघा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करून. मला आवडणारी बहुतेक आइस्क्रीमं लिटरला ७०० ग्रॅमच्या वर भरतात. दोन डब्यांची किंमत मिलीऐवजी ग्रॅमवर काढली की कधीकधी महाग वाटणारा डबा स्वस्त निघतो. उलटही होतं: वांद्र्यात किंवा कुलाब्यात जास्त मोजलेले पैसे दुधाला गेलेले नसतात, जागेच्या भाड्याला गेलेले असतात. त्यात दुकानदाराचा दोष नाही, पण त्या पैशावरून दर्जा ठरवू नका.

आता फ्रोझन डेझर्ट. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी किंवा त्याच्या जोडीला वनस्पती तेल असतं. २०१७ साली अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांच्यात जाहिरातीवरून मुंबई उच्च न्यायालयात वाद झाला, तेव्हा हा शब्द बऱ्याच घरांत पोचला. ते विकणं कायदेशीर आहे, फक्त वेष्टनावर तसं लिहावं लागतं. 'टाळूला मेणचट थर राहिला की वनस्पती तेल' असं सांगतात ते अर्धंच खरं आहे. खोबरेल साधारण २५ अंशांना वितळतं, ते तोंडात स्वच्छ विरघळतं आणि भल्याभल्यांना चकवतं. म्हणून जिभेवर विसंबू नका. बंद डब्यावरचं वाचा. सुट्या स्कूपच्या दुकानात सरळ विचारा की हे आइस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट, आणि कारखान्यातून आलेला मूळ मोठा डबा दाखवा म्हणा. चांगला दुकानदार डबा उचलून दाखवतो. आढेवेढे घेतले तर तेच उत्तर समजा.

वितळण्याची चाचणीही जपून करा. एक स्कूप बशीत ठेवा. कडेनं वितळत जाऊन एकसारखी दाट साय झाली तर उत्तम. पाणी वेगळं आणि दह्यासारखे कण वेगळे झाले तर मिक्स फुटलंय. बराच वेळ फेसासारखा आकार धरून बसलं तर हवा, स्टॅबिलायझर (पाणी धरून ठेवणारा पदार्थ) आणि इमल्सिफायर (स्निग्धांश आणि पाणी एकत्र ठेवणारा पदार्थ) भरपूर आहेत. पण स्टॅबिलायझर म्हणजे विष नव्हे. ग्वार गम ही गवारीच्या बियांचीच पूड, आणि अगदी थोडा वापर बर्फाचे कण वाढू देत नाही. वेष्टनावर सीएमसी (एक स्टॅबिलायझर) किंवा जीएमएस (एक इमल्सिफायर) अशी नावं वाचून घाबरण्यासारखं काही नाही, प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

थोडक्यात, दुकानात शिरल्यावर माझा क्रम असा असतो: आधी स्कूपचं पाणी, मग डब्याची कड, मग साधी मलई शेवटच्या घोटापर्यंत, आणि ती पास झाली तर मोसमातलं फळ. जायचं तर दोनदा जा. रविवारी रात्री गर्दीत डबे झपाट्यानं संपतात, तेव्हा माल ताजाच असतो. मंगळवारी दुपारी जे चांगलं लागतं ते दुकान खरं. फ्लेवर चाळीस आणि गिऱ्हाईक तुरळक असेल, तर पाटीवर तळाशी असलेल्या फ्लेवरचा डबा कधी उघडला असेल याचा विचार करा आणि जो सगळ्यात जास्त खपतो तोच घ्या.

आता तुमचं पार्सल. काउंटरवर स्कूपनं भरून दिलेला डबा मुळातच उणे १२च्या आसपासचा, अर्धवट मऊ असतो. चर्चगेटहून मुलुंडपर्यंत लोकलमध्ये तो टिकणं कठीण. त्याऐवजी मागच्या डीप फ्रीजरमधला, आधीच भरून कडक झालेला सीलबंद डबा मागा, थर्माकोलच्या खोक्यात घ्या आणि खोक्यातली मोकळी जागा वर्तमानपत्रानं भरा. घरचा फ्रीज हा दुसरा अडथळा. तो सावकाश गोठवतो, दिवसभर उघडतो-मिटतो, आणि फ्रॉस्ट फ्री असेल तर बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून आत उष्णता देतो. सावकाश गोठलं की कण मोठे होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच आइस्क्रीम खरखरीत लागतं. शक्य असेल तर कुटुंबानं मिळून एका बैठकीत संपवा. उरलंच तर पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवून, झाकण घट्ट लावून, दारापासून लांब आतल्या बाजूला ठेवा आणि दोन-तीन दिवसांत खा. वाटेत अगदी पातळ झालं असेल तर परत गोठवू नका. लगेच थंड दूध घालून मिल्कशेक करा. सीताफळ आणि चिकूचा फार छान होतो.